स्टिमॅच यांच्या मुलाखतींनी भारतीय फुटबॉलचे भले झाले की नुकसान?

चौथा पंच (मूळ प्रश्न)

ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाला आपण मुकलो. तेव्हापासून मित्रांच्या गप्पांत एक सूर वारंवार ऐकू येतो: भारताचे माजी प्रशिक्षक इगोर स्टिमॅच असते तर त्यांनी पत्रकार परिषदेत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला आणि क्लबांना नावे घेऊन धारेवर धरले असते, ऑगस्ट 2025 मध्ये प्रशिक्षक झालेले खालिद जमील मात्र दोन वाक्ये बोलून उठून जातात. जून 2024 मध्ये स्टिमॅच यांना काढले तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकणारे हेच मित्र होते, हा भाग वेगळा.

मला स्टिमॅच यांच्या स्वभावाविषयी विचारायचे नाही. 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघात खेळलेला आणि पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक झालेला माणूस शब्द गिळून बसेल, अशी अपेक्षा कोणीच केली नसावी. प्रश्न परिणामांचा आहे. मे 2019 ते जून 2024 या पाच वर्षांत त्यांनी मुलाखतींमधून जे मांडले, त्यामुळे राष्ट्रीय संघाला प्रत्यक्षात काही मिळाले का, की संघाच्या अपयशावर पांघरूण घालण्याचे ते साधन होते? जाणकारांनी शक्यतो उदाहरणांसह लिहावे.

फातोर्ड्याजवळचा

मिळाले, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेचे आहे. सांघिक खेळांत आशियाच्या क्रमवारीत पहिल्या आठांत असलेल्या संघांनाच पाठवायचे, असा क्रीडा मंत्रालयाचा निकष होता आणि त्यानुसार फुटबॉल संघ जाणारच नव्हता. जुलै 2023 मध्ये स्टिमॅच यांनी थेट पंतप्रधानांना उद्देशून लिहिलेले पत्र समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केले. त्यानंतर निकष शिथिल झाला आणि संघ गेला. महासंघानेही आपल्या परीने विनंती केली होती, म्हणून सगळे श्रेय त्या पत्राला देता येणार नाही. परंतु हा विषय क्रीडा पानाच्या कोपऱ्यातून उचलून सगळ्यांच्या तोंडी नेण्याचे काम त्या पत्रानेच केले.

पुढे जे घडले ते तर त्यांच्या तक्रारींचे जिवंत प्रात्यक्षिक होते. स्पर्धा फिफाने राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या कालावधीत नसल्यामुळे खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नव्हते आणि त्याच आठवड्यात इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरू होत होता. पहिल्या पसंतीचे बहुतेक खेळाडू मिळाले नाहीत, जो संघ जमला तो सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये पोहोचला, आणि एकही सराव न करता उतरलेल्या त्या संघाचा यजमानांनी 5-1 असा धुव्वा उडवला. तरीही सुनील छेत्रीच्या नेतृत्वाखाली तोच संघ बांगलादेशला हरवून बाद फेरीत गेला. आता सांगा, अशा वेळी प्रशिक्षकाने माध्यमांसमोर गप्प बसून कोणाची अब्रू राखायची होती?

राष्ट्रीय प्रशिक्षकाचे पद आपल्याकडे विचित्र आहे. खेळाडू वर्षभर क्लबांकडे असतात आणि लीगचे वेळापत्रक तिसरेच कोणी ठरवते. भारतीय स्ट्रायकर बाकावर बसतात, कारण ती जागा क्लब परदेशी खेळाडूला देतात. हे सगळे बदलण्याचा कोणताही अधिकार प्रशिक्षकाकडे नसतो. त्याच्याकडे असतो तो फक्त पत्रकारांसमोरचा माईक. स्टिमॅच यांनी तो वापरला.

पेठकर

वरील प्रतिसादातील तथ्ये मान्य आहेत, परंतु निष्कर्ष मान्य नाही. अधिकार नसलेल्या माणसाने आवाज उठवणे समजण्यासारखे आहे. मात्र जे क्षेत्र पूर्णपणे त्याच्या अधिकारात होते, तिथे त्याने काय केले, हे आधी पाहिले पाहिजे.

जून 2023 मधील बेंगळुरूची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा आठवा. पाकिस्तानविरुद्ध 4-0 असा विजय मिळत असताना स्टिमॅच यांनी सीमारेषेवर प्रतिस्पर्धी खेळाडूच्या हातातील चेंडू थ्रो-इनच्या वेळी हिसकावला आणि लाल कार्ड घेतले. पुढच्या सामन्याला मुकून ते परतले आणि कुवेतविरुद्ध पुन्हा लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. नेपाळविरुद्धचा सामना, लेबनॉनविरुद्धची उपांत्य फेरी आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना, या तिन्ही वेळी संघ सांभाळला तो सहायक प्रशिक्षक महेश गवळी यांनी. शेवटचे दोन्ही सामने पेनल्टी शूटआऊटवर जिंकून आपण विजेते झालो. मैदानालगतचा सर्वांत शांत माणूस गोव्याचा होता आणि चषक आला तेव्हा तोच तिथे उभा होता, याची चर्चा मात्र किती झाली? पाकिस्तानच्या सामन्यानंतर आपल्या खेळाडूंसाठी पुन्हा तसेच करू, अशा आशयाचा संदेश स्टिमॅच यांनी जाहीरपणे लिहिला आणि चाहते त्यावर फिदा झाले.

दुसरा मुद्दा वेळेचा. जानेवारी 2024 मध्ये दोहाला आशियाई चषकासाठी जाताना शिबिरासाठी दोन आठवडेच मिळाले, ही त्यांची तक्रार खरी होती, कारण लीग डिसेंबरच्या अखेरपर्यंत चालू होती. परंतु तीच तक्रार स्पर्धेच्या आधी, स्पर्धा चालू असताना आणि नंतरही ऐकावी लागली तर ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या 22 वर्षांच्या पोराने त्यातून काय घ्यावे? ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. तीन सामन्यांत एकही गोल नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध हरणे वेगळे. सीरियाविरुद्धचा पराभव वेळापत्रकाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे स्थानिक संघ समोरासमोर आले की प्रेक्षक पंचापासून प्रशिक्षकापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात. तिथला प्रशिक्षक सामन्याआधीच मैदान खराब असल्याचे सांगू लागला तर पेठ त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल.

उत्तरबाजू

दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट मिसळली जात आहे. स्टिमॅच यांच्या सगळ्या मुलाखती एका मापाने मोजता येणार नाहीत. वेळापत्रक, शिबिरे, क्लबांनी भारतीय स्ट्रायकरला न दिलेली संधी, परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंचा प्रश्न, या विषयांवर ते जे बोलले ते पाच वर्षे सातत्याने बोलले आणि त्यातले बरेचसे आजही खोडून काढता येत नाही. ही मुलाखतींची एक जात झाली.

दुसरी जात आश्वासनांची, आणि तिथे ते स्वतःच्याच शब्दांत अडकले. मार्च 2024 मध्ये विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत अफगाणिस्तानविरुद्ध सौदी अरेबियातील आभामध्ये गोलशून्य बरोबरी आणि मग गुवाहाटीत, छेत्रीच्या 150 व्या सामन्यात, 1-2 असा पराभव झाला. तिसऱ्या फेरीत संघाला नेता आले नाही तर आपण निघून जाऊ, असे त्यांनी त्या सुमारास जाहीरपणे सांगितले होते. जूनमध्ये दोहात कतारने 2-1 असे हरवले. चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेलेला असताना कतारचा बरोबरीचा गोल दिला गेला, त्या फेरीत व्हिडिओ पंचांची सोय नव्हती, आणि त्या अन्यायाबद्दल ते जे बोलले त्याच्याशी देशातील प्रत्येक चाहता सहमत होता. पण तिसरी फेरी हुकली हे सत्य उरलेच. ते स्वतः गेले नाहीत. 17 जूनला महासंघाने त्यांना काढले आणि पुढे उरलेल्या कराराच्या भरपाईवरून वाद झाला. ज्याने जाण्याची भाषा केली त्याने करारातील पैशांवर हक्क सांगणे कायद्याने योग्य असेल, नव्हे आहेच, परंतु चाहत्यांच्या मनातून त्यांची पत उतरली ती इथे.

तिसरी जात व्यक्तींवरच्या टीकेची. काढल्यानंतर चारच दिवसांनी घेतलेल्या ऑनलाइन पत्रकार परिषदेत त्यांनी महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांच्यावर थेट टीका केली आणि त्यांनी पद सोडले तर भारतीय फुटबॉलचे भले होईल, असे सुचवले. डिसेंबर 2023 मध्ये महासंघाने आपल्याला अखेरची ताकीद दिली होती, असेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. म्हणजे आशियाई चषकाला महिना-दीड महिना उरला असताना प्रशिक्षक आणि महासंघ यांच्यात पत्राद्वारे ताकिदी दिल्या-घेतल्या जात होत्या, आणि आपण सगळे संघनिवडीवर वाद घालत होतो. चौबेंवरची टीका योग्य की अयोग्य, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी ही माहिती जानेवारीत बाहेर आली असती तर तिला अर्थ होता. नोकरी गेल्यावर ती बाहेर आली, त्यामुळे महासंघाला सूडबुद्धीचा शिक्का मारून मोकळे होता आले.

पेठकर

तिसऱ्या मुद्द्याशी सहमत. पण नोकरीवर असताना हे बोलले असते तर डिसेंबरची ताकीद डिसेंबरची बडतर्फी झाली असती, आणि कोणताही व्यावसायिक माणूस तसे करणार नाही. तेव्हा निदान त्यांच्या 'परखडपणा'ला आपण शौर्य म्हणू नये.

फातोर्ड्याजवळचा

पेठकर, शौर्य मीही म्हटले नव्हते. तुम्ही सांगितलेल्या लाल कार्डांचे समर्थन मी करणार नाही, आणि महेश गवळींना श्रेय कमी मिळाले ही गोष्ट गोव्यात आम्ही फार आधीपासून बोलतो आहोत. मात्र बोलका प्रशिक्षक गेल्यावर काय झाले, तेही पाहा.

मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवाची जबाबदारी सांभाळून. स्वभावाने सौम्य माणूस. पण मार्च 2025 मध्ये शिलाँगला बांगलादेशविरुद्ध 0-0 झाल्यावर पत्रकारांसमोर त्यांचाही बांध फुटला. त्यांच्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील आले, 2012 मध्ये सावियो मेदेरा गेल्यानंतरचे पहिले पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक. ताजिकिस्तानातील काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेसाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, कारण पुन्हा तेच: स्पर्धा फिफाच्या राखीव कालावधीबाहेर. जमील यांनी त्यावर आरडाओरडा केला नाही, मिळालेल्या संघाला घेऊन गेले आणि ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे आले. हे कौतुकास्पदच आहे. परंतु दोन वर्षांनंतरही प्रश्न तोच होता आणि या वेळी तो मोठ्याने विचारणारा कोणी उरला नव्हता. सिंगापूरविरुद्ध हरलो, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने 22 वर्षांनंतर हरवले. तेव्हा स्टिमॅच यांच्या बोलण्यामुळे संघ हरत होता, हे म्हणणे आता टिकत नाही.

चौथा पंच

सर्वांचे आभार. उत्तरबाजू यांनी केलेली विभागणी मला पटली. माझ्या मित्रांना आठवतात त्या पहिल्या जातीच्या मुलाखती आणि मला आठवत होत्या त्या तिसऱ्या. एक उपप्रश्न विचारतो. क्लबांच्या प्रशिक्षकांच्या बाबतीत आपल्याकडे शिक्षेची पद्धत ठरलेली दिसते. केरला ब्लास्टर्सचे इव्हान वुकोमानोविच यांना पंचांवरील जाहीर टीकेबद्दल डिसेंबर 2023 मध्ये एका सामन्याची बंदी आणि दंड झाला, तर ओडिशा एफसीने स्टुअर्ट बॅक्स्टर यांना फेब्रुवारी 2021 मध्ये सामन्यानंतरच्या मुलाखतीतील अत्यंत आक्षेपार्ह वक्तव्याबद्दल थेट काढून टाकले. राष्ट्रीय प्रशिक्षकाने मालकावर, म्हणजे महासंघावरच, टीका केली तर काय, याचा काही स्पष्ट नियम असावा का?

उत्तरबाजू

ही दोन उदाहरणे एका रांगेत ठेवू नयेत. बॅक्स्टर यांनी पेनल्टी न मिळाल्याच्या रागात बलात्काराचा उल्लेख केला होता. तिथे परखडपणाचा प्रश्नच नव्हता आणि क्लबने दुसऱ्याच दिवशी निर्णय घेतला ते योग्य केले. वुकोमानोविच यांचा रोख पंचगिरीच्या दर्जावर होता. मार्च 2023 मध्ये बेंगळुरूविरुद्धच्या बाद सामन्यात संघ मैदानाबाहेर नेल्याबद्दल त्यांना 10 सामन्यांची बंदी झाली ती योग्यच होती, मात्र नंतर केवळ बोलण्याबद्दल झालेली शिक्षा मला जड वाटली.

राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या बाबतीत नियमापेक्षा कराराकडे आधी पाहावे लागेल. ऑक्टोबर 2023 मध्ये स्टिमॅच यांना 2026 पर्यंत मुदतवाढ दिली गेली, तेव्हा निकालांवर आधारित मुक्ततेची तरतूद महासंघाच्या हिताने नीट लिहून घेतली असती, तर जून 2024 मध्ये दोन्ही बाजूंना जाहीर निवेदने काढत बसण्याची वेळ आली नसती. अखेर सुमारे 4 लाख डॉलर देऊन महासंघाने प्रकरण मिटवले. जो महासंघ युवा संघांच्या शिबिरांसाठी पैसे नसल्याचे सांगतो, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही. माध्यमांविषयीचे कलम त्या करारात घालायचेच असेल, तर त्याची दुसरी बाजूही लिहावी: प्रशिक्षकाने हंगामाच्या सुरुवातीला शिबिरांची आणि खेळाडूंच्या उपलब्धतेची मागणी लेखी द्यावी, आणि महासंघाने तिचे उत्तर संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे. तसे झाले तर पराभवानंतरच्या पत्रकार परिषदेत कोण खरे बोलतो आहे, हे तपासायला आपल्यापाशी काहीतरी कागद असेल.

पेठकर

लेखी मागणी आणि प्रसिद्ध उत्तर, ही सूचना मान्य. फक्त त्यात क्लबांचेही उत्तर प्रसिद्ध व्हावे, कारण खेळाडू शेवटी त्यांच्याकडेच असतात.