मदत हवी आहे: टेस्टर म्हणतो केबल ठीक, तरी लिंक १०० वरच
ऑफिसमधला एक नेटवर्क पॉइंट १००० ऐवजी १०० एमबीपीएसवरच जुळतो. फक्त १००० ठेवलं की लिंक सारखी तुटते, स्विचवर सीआरसी एरर (डेटा खराब होऊन पोचल्याच्या नोंदी) वाढतात. हातातल्या टेस्टरवर आठही तारा बरोबर, लांबी ७४ मीटर. पॅच कॉर्ड, स्विचचा पोर्ट, लॅपटॉप बदलून झाले. ऑटो-निगोशिएशन (वेग आपोआप ठरवणं) दोन्हीकडे चालू आहे. केबल कॅट ५ई, फॉल्स सीलिंगमधून लाइटच्या वायरींना चिकटून गेलेली (कोणी टाकली देव जाणे). दिवाळीपर्यंत सीलिंग उघडता येणार नाही. टेस्टर साधा आहे, क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळणं) दाखवत नाही, त्यामुळे स्प्लिट पेअर (पिन बरोबर, पण तारांच्या जोड्या चुकलेल्या) असली तरी कळणार नाही. आयओ बॉक्सचं (भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटचं) पंचिंग, म्हणजे तारा दाबून बसवलेली जोडणी, अजून उघडून पाहिलेलं नाही. सर्टिफायर (केबलची पूर्ण चाचणी करणारं यंत्र) भाड्याने आणण्याआधी, दोष पंचिंगमध्ये आहे की लाइटच्या वायरींमुळे, हे कसं ओळखू?