मऊ फोमची गादी हवी आहे, पण कंबरेला आधारही हवा. काय पाहून घ्यावी?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. पाच वर्षांपूर्वी घर घेतले तेव्हा पलंगाबरोबर सहा इंची फोमची गादी घेतली होती. ती ‘४० डेन्सिटी’ची असल्याचे दुकानदाराने सांगितले होते आणि बिलावर तसे लिहूनही दिले होते. दोन वर्षांतच ती माझ्या बाजूने बसू लागली आणि आता तिथे इतका खळगा पडला आहे की रात्री कूस बदलायची म्हणजे चढण चढावी लागते. ते दुकान केव्हाच बंद झाले, त्यामुळे भांडायला जाण्याचाही प्रश्न उरलेला नाही.

नव्या गादीचे माप ७८ बाय ७२ इंच असायला हवे. माझे वजन ८४ किलो आहे आणि मी उताणा झोपतो. पत्नीचे वजन ५३ किलो आहे, ती कुशीवर झोपते आणि कडक गादीवर तिचा खांदा व खुबा दुखतो, म्हणून तिला अंग सामावून घेणारी, गुबगुबीत गादी हवी आहे. माझी कंबर मात्र मऊ गादीवर सकाळी हमखास धरलेली असते. गेल्या दोन रविवारी आम्ही ठाण्यातली पाच दुकाने पालथी घातली. सगळीकडे गादीवर पंजा दाबायला लावतात, ‘मेमरी फोम, नासाचे तंत्रज्ञान’ एवढे सांगतात आणि मग थेट हप्त्यांवर येतात. मऊपणा आणि आधार एकाच गादीत खरोखर मिळतात का, आणि मिळत असतील तर ते ओळखायचे कसे?

आणखी एक शंका आहे. आई (वय ७१) दिवाणावर कापसाच्या गादीवर झोपते. तिलाही फोमची गादी घ्यावी असे आमच्या मनात आहे, तिच्या मनात नाही.

जुना फोमवाला

मी बरीच वर्षे फोमच्या कापणी विभागात काढली आहेत, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

तुम्हाला जे हवे आहे आणि तुमच्या पत्नीला जे हवे आहे, ती गादीच्या दोन निरनिराळ्या थरांची कामे आहेत. मऊपणा वरच्या दीड-दोन इंचांतून मिळतो. आधार खालच्या चार-पाच इंचांतून मिळतो. सबंध सहा इंच एकाच मऊ फोमचे असतील तर पहिल्या दिवशी ढगावर झोपल्यासारखे वाटते, पण शरीराचा सर्वांत जड भाग म्हणजे कंबर आणि नितंब, तो सर्वांत खोल जातो आणि पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो. सकाळी तुमची कंबर धरते ती बहुधा यामुळेच.

आता ‘डेन्सिटी’बद्दल. या शब्दावर दुकानात जितका गोंधळ घातला जातो तितका दुसऱ्या कशावर घातला जात नाही. डेन्सिटी म्हणजे घनता, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो भरते तो आकडा. तिचा कडकपणाशी थेट संबंध नाही. ४० घनतेचा फोम लोण्यासारखा मऊही बनवता येतो आणि २४ घनतेचा फोम हाताला चांगला टणक लागेल असाही बनवता येतो. कडकपणा वेगळ्या रीतीने मोजतात. फोमचा तुकडा ठरावीक प्रमाणात दाबायला किती जोर लागतो ते पाहतात. घनतेवरून प्रामुख्याने कळते ते हे की गादी किती वर्षे आपला आकार धरून ठेवील. हलक्या फोममध्ये माल कमी आणि हवा जास्त असते, त्यामुळे रोज आठ तास ८४ किलोंखाली दबून त्याच्या पेशींच्या भिंती लवकर थकतात. तुमच्या वजनाला आधाराचा थर ३२ च्या खाली घेऊ नका. ४० चा ‘एचआर’, म्हणजे दाब काढताच चटकन उसळून येणारा फोम मिळाला तर उत्तम. वरचा थर मेमरी फोमचा, म्हणजे अंगाचा आकार घेऊन सावकाश उसळणाऱ्या फोमचा असेल तर तो ५० किंवा त्याहून अधिक घनतेचा मागा.

दुकानदाराने सांगितलेला आकडा पडताळायला तराजू पुरतो. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा आणि त्याला ६१,०२४ ने भागा, म्हणजे घनमीटर मिळतील. तुमच्या मापाची सहा इंची गादी ०.५५ घनमीटर भरते. ती खरोखर ४० घनतेची असेल तर खोळ सोडून तिचे वजन सुमारे २२ किलो असले पाहिजे, ३२ ची असेल तर साडेसतराच्या आसपास.

यातही एक मेख आहे, ती सांगितली नाही तर अर्धवट सल्ला दिल्यासारखे होईल. वजन वाढवण्यासाठी काही ठिकाणी फोममध्ये खडूची भुकटी मिसळतात. असा फोम तराजूवर खरा उतरतो आणि पलंगावर खोटा ठरतो. खोळीची चेन उघडून फोमचा कोपरा चिमटीत धरून चुरगाळा. बोटांना पिठूळ लागला किंवा नखाने सहज तुटला तर पुढच्या दुकानात जा. तसेच फोमच्या कातरणीचा चुरा दाबून-चिकटवून केलेली रंगीबेरंगी लादी असते, तिला रिबॉन्डेड म्हणतात. ती मुळातच जड आणि टणक असते, त्यामुळे तिला वजनाचा हा हिशेब लावू नये. एखादा पातळ थर म्हणून ती चालते, पण नुसत्या तिच्यावर झोपणे म्हणजे फरशीला खोळ घालण्यासारखे आहे.

नेरूळची फिजिओ

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. फोम कसा आहे यापेक्षा अंग त्यावर कसे पडते ते मी पाहते, म्हणून तेवढेच लिहिते.

हाताने दाबून गादी निवडू नका, कारण पंजाखाली जेवढा भाग दबतो त्याचा झोपण्याशी काही संबंध नसतो. दुकानात चप्पल काढून, स्वतःची उशी नेऊन, तुम्ही रोज जसे झोपता तसे किमान पंधरा मिनिटे पडून राहा. संकोच वाटतो, विक्रेता घड्याळ पाहू लागतो, पाहू द्या. उताणे झोपल्यावर कंबरेखाली तळहात सरकवून बघा. हात आरपार सहज जात असेल आणि मध्ये पोकळी राहत असेल तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. तो आत घालायलाच जमत नसेल तर गादी मऊ आहे. थोडा घासत गेला तर ठीक. पत्नी कुशीवर पडतील तेव्हा तुम्ही त्यांच्या पाठीमागे उभे राहून मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ पाहा. ती साधारण सरळ दिसली पाहिजे. खांदा आत न गेल्यामुळे ती वर उचललेली दिसली तर वरचा थर अपुरा आहे, आणि खुब्याशी ती खाली झुकलेली दिसली तर आधार अपुरा आहे.

‘कंबरदुखीला फळीसारखी कडक गादीच हवी’ हा समज आपल्याकडे फार जुना आहे आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक जमिनीवर चटई टाकून झोपण्याचा प्रयोग आधीच करून आलेले असतात. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात काहींना कडक आणि काहींना मध्यम-कडक गादी देऊन ९० दिवसांनी पाहिले, तेव्हा मध्यम-कडक गादीवाल्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला. अगदी मऊ गादी त्या अभ्यासात नव्हती, तेव्हा त्यावरून मऊ गादीची वकिली करता येणार नाही; पण कडक म्हणजे औषधी हे समीकरण मात्र त्यात टिकले नाही. गादीवर छापलेला ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्दही कंपनीने स्वतः छापलेला असतो, तो कोणा डॉक्टरचा दाखला नव्हे.

तुमच्या दोघांच्या वजनात ३१ किलोंचा फरक आहे. जो थर तुम्हाला मऊ वाटेल तोच पत्नींना कदाचित कडक वाटेल, कारण त्यांच्या वजनाने तो तितका दबणारच नाही. म्हणून एकच मोठी गादी घेण्याऐवजी ३६ इंच रुंदीच्या दोन गाद्या शेजारी ठेवण्याचा विचार करा.

आईंबाबत म्हणाल तर त्यांना काही त्रास नसेल तर त्यांची गादी बदलू नका. उतारवयात फार मऊ गादीच्या काठावर बसून उठताना काठ खाली जातो, गुडघे खुब्यापेक्षा वर येतात आणि उठायला दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. रात्री बाथरूमला जाताना तोल जाण्याची भीती असते ती वेगळीच.

वर्तकनगर

मी तीन वर्षांपूर्वी जाड मेमरी फोमची गादी घेऊन पस्तावलेला मनुष्य आहे, म्हणून लिहितो.

ते नासाचे पालुपद आधी संपवू. मेमरी फोमचा उगम १९६६ साली नासासाठी झालेल्या कामात आहे हे खरे, परंतु ते काम विमानातील आसनांसाठी, धक्का झेलणाऱ्या उशीसाठी होते. ठाण्यातल्या मे महिन्यात त्यावर कोणी झोपून पाहिले होते असे दिसत नाही. हा फोम उबेने मऊ होतो आणि गारव्याने ताठरतो. उन्हाळ्यात वीज गेली की माझी गादी चिखलासारखी व्हायची, अंग त्यात रुतायचे आणि चोहोबाजूंनी घाम; उलट एसी २२ वर लावून खोली गार केली की पहिली दहा मिनिटे पाटावर निजल्यासारखे वाटायचे. वरचा थर दीड-दोन इंचांचाच असता तर एवढे जाणवले नसते. माझा चार इंचांचा होता. लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा थर यापेक्षा कमी तापतो आणि चटकन उसळतो, पण तो महाग पडतो आणि उचलायला फार जड असतो.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती पलंगाची. माझा हायड्रॉलिक पलंग आहे, म्हणजे खाली सामानाची पेटी आणि वर अखंड प्लायवूड. पहिल्याच पावसाळ्यात ऑगस्टमध्ये चादरी काढायला फळी उचलली, तर गादीच्या खालच्या अंगाला, बरोबर आमच्या पाठींच्या जागी, राखाडी बुरशीचे दोन लांबट डाग. अंगाचा दमटपणा गादीतून खाली उतरतो आणि प्लायवूडपाशी अडतो. शेवटी सुताराकडून फळीला वीतभर अंतरावर इंचभर व्यासाची छिद्रे पाडून घेतली आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गादी भिंतीशी उभी करून पंखा लावतो. मात्र आपण कापसाची गादी गच्चीवर उन्हात टाकतो तशी फोमची टाकू नका. कापूस उन्हाने फुलतो, फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होऊ लागतो. माझ्या सासूबाईंनी प्रेमाने एक उशी अशीच वाळवून संपवली.

कासारवडवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रीच जुन्या गादीचे वजन केले. घरात वजनकाटा एकच, माणसे जोखायचा, म्हणून गादी गुंडाळून दोरीने बांधली आणि ती कवेत घेऊन काट्यावर उभा राहिलो. मला गादीमुळे आकडा दिसेना, तेव्हा पत्नीने जमिनीवर वाकून वाचला: ९९. त्यातून माझे ८४ वजा केले तर १५ किलो राहतात, आणि खोळीचे दीड किलो सोडले तर साडेतेरा. म्हणजे घनता जेमतेम २४-२५ निघते. बिलावरचे ‘४० डेन्सिटी’ हे शब्द अजून स्वच्छ वाचता येतात.

दोन गाद्यांची कल्पना आम्हा दोघांना पटली आहे. एका कारागिराने ७८ बाय ३६ च्या दोन करून देण्याचे कबूल केले आहे. दोन्हींत खाली ४० चा पाच इंची एचआर फोम राहील. पत्नीच्या गादीवर दोन इंचांचा मऊ थर आणि माझ्या गादीवर एक इंचाचा. पण मग माझी गादी एक इंचाने खाली राहील, त्याचे काय करावे? आणि मधल्या फटीत चादर जाणार नाही का?

जुना फोमवाला

तुमच्या गादीचा खालचा थर सहा इंचांचा करून घ्या, म्हणजे दोन्ही सात-सात इंचांच्या होतील. फटीसाठी दोन्हींवर मिळून एकच चेनची खोळ शिवून घ्यावी. नंतर एकीचा फोम बदलायचा झाला तरी दुसरीला हात लावावा लागत नाही. खोळ शिवण्यापूर्वी दोन्ही फोम उघडे असतानाच समोर वजन करून घ्या. तुमच्या मापाला आधाराचा पाच इंची थर सुमारे सव्वानऊ किलो आणि सहा इंची सुमारे अकरा किलो भरला पाहिजे. बिलावर प्रत्येक थराची जाडी आणि घनता वेगवेगळी लिहून मागा, नुसते ‘सात इंची गादी’ असे लिहून घेऊ नका. वापरात आल्यावर दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करा. थरांची गादी असल्यामुळे ती उलथी करायची नसते.

नेरूळची फिजिओ

पहिले दोन-तीन आठवडे अंग थोडे कुरकुरेल. इतकी वर्षे खळग्यात झोपलेली पाठ लगेच सरळ गादीला सरावत नाही, तेव्हा दोन रात्रींत निकाल लावू नका. महिन्यानंतरही सकाळी कंबर धरत असेल तर गादी बाजूला ठेवून कंबर तपासून घ्या.

कासारवडवलीकर

दोन्ही सूचना टिपून ठेवल्या आहेत. सुतार रविवारी छिद्रे पाडायला येणार आहे. आईला विचारले, तर तिने फोम नको म्हणून सांगितले आणि पिंजारी अजून कुठे मिळतो का ते बघ म्हणाली. तिच्या गादीतला कापूस फक्त पिंजून हवा आहे. ठाण्यात दारावर येणारा पिंजारी मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. कोणाला एखादा ठाऊक असेल तर जरूर कळवावे.