सह्यांपेक्षा विद्यापीठाचं दार ठोठवा

कोल्हापुरात रंकाळ्यावर लाखभर सह्या गोळा करून स्टॉकहोमला पाठवल्या की आपल्या मराठी लेखकाचं साहित्याच्या नोबेलसाठी नामांकन होईल, असं काहीजण म्हणतात. कळकळ पटते, मार्ग नाही. सह्यांना तिथे काडीचं वजन नाही आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तर ते बादच होतं. साहित्यासाठी भाषा किंवा साहित्याचे विद्यापीठीय प्राध्यापक, लेखकांच्या प्रातिनिधिक संघटनांचे अध्यक्ष, हे पारितोषिक देणाऱ्या स्वीडिश अकादमीचे व तशाच संस्थांचे सदस्य आणि आधीचे विजेते एवढ्यांनाच नाव सुचवता येतं. म्हणजे शिवाजी विद्यापीठातल्या मराठीच्या प्राध्यापकाचं एक सकारण पत्र त्या लाख सह्यांहून मोलाचं! निमंत्रण आलं नसलं तरी पात्र व्यक्ती पत्र पाठवू शकते; फक्त ते ३१ जानेवारीपर्यंत पोचलं पाहिजे.

खरी अडचण त्यापुढे आहे. मे महिन्यापर्यंत यादी साधारण पाच नावांवर येते आणि उन्हाळाभर अकादमीचे सदस्य त्या लेखकांची पुस्तकं वाचतात. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा स्वीडिशमध्ये चांगले अनुवादच नसतील तर वाचणार काय? टागोरांना १९१३ साली पारितोषिक मिळालं, त्याआधी १९१२ मध्ये इंग्रजी 'गीतांजली' छापून आली होती. तेव्हा वर्गणी काढायचीच तर अनुवादासाठी काढा.

शांतता पारितोषिकाचं वेगळं: ते नॉर्वेची समिती देते आणि तिथे आपले खासदारही नाव सुचवू शकतात, आमदार नाही. भौतिक आणि रसायनशास्त्राला मात्र निमंत्रणाशिवाय नाव जातच नाही. आणि 'नामांकन झालंय' अशा बातम्यांवर विसंबू नका, नोबेल समित्या नावं ५० वर्षं उघड करत नाहीत.