डस्टरचा बेल्ट ११ वर्षे जुना, स्विफ्टच्या चेनचा सकाळी खडखडाट: आधी काय करावे?

सत्तरी_डिझेल
नमस्कार मंडळी. वाळपईला घरी दोन डिझेल गाड्या आहेत. पहिली रेनो डस्टर १.५, ८५ पीएस, २०१४ चे मॉडेल, जुनी घेतलेली, मीटरवर ६२,००० किमी. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) बदलल्याचे एकही बिल नाही. मिस्त्रीने वरचे कव्हर काढून पाहिले. चीर नाही, लाखापर्यंत खुशाल चालवा, असे त्याचे म्हणणे. दुसरी मारुती स्विफ्ट डिझेल १.३, १,४०,००० किमी. हिला बेल्टऐवजी चेन आहे. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखडाट होतो, मग आवाज जातो. चेनला हात लावावा लागत नाही असे सगळे सांगतात. दोन्ही गाड्या महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने बेळगावला जातात. आधी खर्च कशावर करू? आणि डस्टरला फक्त बेल्ट टाकला तर चालेल का?

दहा_नंबर_पाना
डस्टर आधी, आणि बेळगावची पुढची फेरी बेल्ट बदलल्यावरच.

बेल्टला दोन मर्यादा असतात, किलोमीटरची आणि वर्षांची. जी आधी येईल ती धरायची. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा, पण ११ वर्षांच्या बेल्टवर भरवसा ठेवू नये. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. ताण पेलतात ते आतले काचतंतूचे दोरे, आणि ते बाहेरून दिसतच नाहीत. आजकालच्या बेल्टचे रबर चांगले असते, त्यामुळे पाठीवर चीर न पडताही दात्याच्या मुळाशी तो फाटतो. वरचे कव्हर काढून जेमतेम वीतभर बेल्ट दिसतो. तेवढ्यावर "लाखापर्यंत चालवा" म्हणणे धोक्याचे आहे.

धोका केवढा ते पाहा. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून पिस्टन वर आला की हेडपर्यंत जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅम, जागच्या जागी थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पिस्टनना जोडलेला खालचा दांडा, म्हणजे क्रँक, मात्र गाडीच्या वेगाने फिरतच असतो. २,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३३ फेरे मारतो. तुमचा पाय क्लचवर जाईपर्यंत पिस्टनने उघड्या व्हॉल्व्हना कितीतरी ठोके दिलेले असतात. बेल्ट तुटायलाच हवा असेही नाही. क्रँकच्या दातेरी चाकाला २० दाते असतील, तर एक दाता सटकणे म्हणजे क्रँकचे १८ अंश. एका दात्याला गाडी ओढत नाही, धूर मारते. दोन-तीन सटकले की व्हॉल्व्ह वाकू शकतात.

फक्त बेल्ट टाकू नका. बेल्ट, टेन्शनर (बेल्टचा ताण धरणारी पुली) आणि वॉटर पंप एकत्र बदला. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. जुन्या पंपाचे बेअरिंग नव्या बेल्टखाली जाम झाले किंवा कूलंट गळून बेल्टवर आले, तर नवा बेल्टही जातो आणि सगळी मजुरी परत भरावी लागते. हाय प्रेशर डिझेल पंपही याच बेल्टवर आहे, म्हणून बेल्टवरचा भार मुळातच जास्त. क्रँक आणि कॅमचे पुढचे ऑइल सील ओले दिसले तर त्याच वेळी बदला. तेल लागलेला बेल्ट फुगतो आणि त्याचे दाते सुटतात. बाहेरचा अल्टरनेटर-एसीचा बेल्टही नवा टाका. तो उसवला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि आतला धडधाकट बेल्ट सटकतो. बिघाडाची ही वाट फार जण विसरतात.

गॅरेजला एकच प्रश्न विचारा: क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना आहेत का? "व्हाइटनरची खूण करून बसवतो" असे उत्तर आले तर तिथून निघा. खुणेवर एका दात्याची चूक सहज होते. पिना फक्त जागा ठरवण्यासाठी असतात. पुलीचा बोल्ट सोडताना त्यांच्यावर जोर दिला तर पीन तरी वाकते, नाहीतर तिचे भोक तरी फुटते. क्रँक पुलीचा बोल्ट नवाच घ्या. तो ठरलेला टॉर्क देऊन वर अंशात फिरवून आवळतात, जुना त्यात ताणलेला असतो. नवा बेल्ट हातात दुमडू किंवा उलटा पिळू नये, आतले दोरे तुटतात.

बसवून झाल्यावर पिना काढून क्रँक हाताने, पान्याने, फिरण्याच्या दिशेनेच पूर्ण दोन फेरे फिरवायचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक फेरा होतो, म्हणून दोन. मग पिना पुन्हा सहज बसल्या पाहिजेत आणि टेन्शनरचा काटा खुणेवर असला पाहिजे. फिरवताना कुठे कडक अडले तर जोर लावू नका, सेल्फ तर मुळीच नाही. अडले म्हणजे व्हॉल्व्हला पिस्टन लागतोय.

सत्तरी_डिझेल
पिनांचे विचारतो. पण पावसात गाडी महिनाभर शेडमध्ये उभी होती, उंदरांनी बॉनेटखाली घर केले होते. त्याचा काही संबंध?

दहा_नंबर_पाना
आहे. वरच्या प्लास्टिक कव्हरची कड कुरतडलेली किंवा क्लिप तुटलेली असेल, तर कव्हर नवे टाका. डिचोली-साखळी पट्ट्यातली तांबडी धूळ आणि पावसाचा चिखल त्या फटीतून आत जातो. तो दात्यांच्या खोबणीत बसला की बेल्ट चाकावर चढून चालतो.

चेन_टेन्शनर
आता स्विफ्ट. "चेन आयुष्यभराची" हे अर्धेच खरे. चेन ताणली जाते असे म्हणतात, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीची पीन आणि बुश थोडे थोडे झिजतात, आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. डिझेलच्या तेलात काजळी असते. तेल उशिरा बदलले की तीच काजळी पिनांना कानशीसारखी घासते. १.३ च्या या इंजिनात चेन एकेरी आहे, म्हणून तेलाची हयगय तिला लवकर भोवते.

दोन-तीन सेकंदांचा आवाज म्हणजे टेन्शनरमध्ये तेलाचा दाब येईपर्यंत चेन ढिली राहून गाइडवर (चेन जिच्यावरून घसरते त्या प्लास्टिकच्या पट्टीवर) आपटते. चेनकडे जाण्याआधी स्वस्त कारणे तपासा. तेलाची पातळी आणि ग्रेड मॅन्युअलप्रमाणे आहे का? फिल्टर अस्सल आहे का? रात्रीत तेल मागे उतरू न देणारा व्हॉल्व्ह नीट नसेल तर चांगल्या चेनलाही असा आवाज येतो. मग बाहेरचा बेल्ट काढून थंड इंजिन १५-२० सेकंदच चालवा, जास्त नको, कारण या इंजिनाचा वॉटर पंप त्या बेल्टवर आहे. आवाज गेला तर दोष अल्टरनेटरच्या पुलीत किंवा बाहेरच्या टेन्शनरमध्ये. राहिला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक टायमिंग कव्हरला आणि मूठ कानाला लावून ऐका. स्कॅनरवर पी ००१६ कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅमचे सिग्नल जुळत नाहीत, तर मात्र थांबू नका.

चेनचे काम बेल्टपेक्षा मोठे आहे. पुढचे कव्हर काढायला ऑइल चेंबर उतरवावा लागतो. तो उतरला की तेल ओढणारी जाळी आधी पाहा. तिच्यात गाइडचे काळे-तपकिरी प्लास्टिकचे कण अडकलेले असतात, आणि टेन्शनरला दाब उशिरा मिळण्याचे कारण बऱ्याचदा तेच असते. चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर आणि दातेरी चाके असा पूर्ण संच घाला. जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर जाते. कव्हरला सिलिकॉन पातळ रेषेतच लावायचे. आत फुगून आलेला सिलिकॉनचा दोरा तुटून त्याच जाळीवर जाऊन बसतो.

तोवर एक पथ्य पाळा. घाटात किंवा चढावर गाडी उभी करताना आधी हँडब्रेक ओढा, गाडी त्यावर टेकू द्या, मगच गिअर टाका. नुसत्या गिअरवर ठेवली की गाडीचे वजन इंजिनाला उलटे ढकलते. त्या वेळी टेन्शनरमध्ये दाब नसतो, आणि ढिली चेन दाता सोडू शकते. बेल्टच्या जुन्या गाडीला ढकलस्टार्टही देऊ नका. क्लच सोडतानाचा झटका थेट दात्यांवर येतो.

पर्वरी_टॅक्सी
टॅक्सीवाल्यांसाठी एक हिशेब. स्टँडवर एसी लावून गाडी तासभर उभी असली तर ८०० आरपीएमने ४८,००० फेरे होतात. साठच्या वेगाला इंजिन २,००० वर असेल तर एका किलोमीटरला २,००० फेरे. म्हणजे उभ्या गाडीचा तास बेल्टसाठी २४ किमी. रोज तीन तास उभी असेल तर वर्षाला २५,००० किमीच्या वर, आणि मीटरवर त्यातले काहीच दिसत नाही. जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेललाही बेल्टच आहे, क्रिस्टाला चेन. जुन्या इनोव्हात डॅशबोर्डवर बेल्टचा दिवा लागतो, पण तो किलोमीटर मोजतो, बेल्टची तब्येत नाही. बेल्ट न बदलता दिवा विझवलेल्या गाड्या विकायला येतात. जुनी घेताना दिव्यावर जाऊ नका, बिल मागा.

सत्तरी_डिझेल
आणि रस्त्यातच तुटला तर?

चेन_टेन्शनर
इंजिन एकदम बंद पडते, आणि सेल्फ मारला की नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरतो, कारण कॉम्प्रेशन उरलेले नसते. तो आवाज ऐकला की किल्ली काढा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर वाकलेला व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडतो, आणि हेडवर निभावणारे काम ब्लॉकपर्यंत जाते. गाडी उचलूनच न्या.

गॅरेजमध्ये घाईने नवा बेल्ट घालून "सुरू होते का बघू" असे करू देऊ नका. टायमिंग जुळवून प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून गळती तपासा. सायलेन्सरकडून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक. १.३ मध्ये कधी कधी ठोका बसल्यावर रॉकर (कॅमचा दाब व्हॉल्व्हवर नेणारे तुकडे) तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात, म्हणून हेड उतरवण्याआधी वरचे कव्हर काढून सगळे रॉकर धड आहेत का ते पाहा. हेड उतरलेच तर वाकलेल्या व्हॉल्व्हबरोबर तो ज्यात सरकतो ते व्हॉल्व्ह गाइडही तपासून घ्या. गाइडला तडा राहिला तर नवा व्हॉल्व्ह वाकडा बसतो.

दहा_नंबर_पाना
डस्टर गॅरेजपर्यंत नेताना घाट टाळा, इंजिन फार फिरवू नका, सावकाश न्या. काम झाल्यावर जुना बेल्ट आणि टेन्शनर परत मागून घ्या, आणि टायमिंग कव्हरवर तारीख व किलोमीटरचे स्टिकर लावून घ्या. पुढचा मिस्त्री बिल नव्हे, ते स्टिकरच पाहतो.