मदत हवी आहे: डिजिटल कॅमेऱ्यावर पिनहोल, फोटो धुरकट आणि काळे ठिपके

घाईत_आहे
येत्या रविवारी जागतिक पिनहोल दिवस आहे (एप्रिलचा शेवटचा रविवार) आणि माझा अजून एकही फोटो धड आलेला नाही. लेन्स काढून तिच्या जागी बॉडी कॅपला (कॅमेऱ्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण) भोक पाडून लावलंय, प्रकाश फक्त त्यातून आत जातो. फोटो येतो, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्याने बघावं तसा. शिवाय आकाशात काळे ठिपके, प्रत्येक फोटोत त्याच जागी. सेटिंगमध्ये काय बदलू? 'गुगल कर' सांगू नका, तीन रात्री तेच करतोय.

निवांत_कोपरा
कॅमेरा कोणता?

त्रिज्या
भोक किती मिमीचं? कशात पाडलंय? उन्हात शटर किती वेळ उघडं ठेवता? हे सांगितल्याशिवाय कुणालाच काही सांगता येणार नाही.

घाईत_आहे
डीएसएलआर आहे. भोक बारीक आहे. मोड एम (मॅन्युअल) वरच ठेवलाय, बाकीच्या मोडमध्ये लेन्स नाही म्हणून अडून बसतो.

निगेटिव्ह_माणूस
डिजिटलवर पिनहोल म्हणजे चुलीवरची भाकरी मायक्रोवेव्हमध्ये. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, आतून काळा रंग मारा, फोटोग्राफीचा कागद लावा. मी एक डबा गच्चीवर सहा महिने बांधून ठेवला होता. सूर्याच्या रोजच्या वाटा एकाच कागदावर उमटल्या.

घाईत_आहे
काका, रविवार चार दिवसांवर आहे, सहा महिन्यांवर नाही.

जोशी_वहिनी
पन्नास मिमीची एक पॉइंट आठ लेन्स घेऊन टाका ना. स्वस्त आहे आणि फोटो अगदी लख्ख येतात. माझ्या भाच्याने मुंजीत घेतले होते.

वैद्यबुवा
सुईचा प्रश्न असेल तर इन्सुलिनची ३१ गेजची घ्या. बाहेरचा व्यास साधारण पाव मिमी. आमच्या तीर्थरूपांमुळे घरात डबाभर आहेत. मोजायची भानगडच नाही.

पत्रावळ
बुवा, ती सुई पोकळ असते आणि टोक तिरकं कापलेलं. पत्र्याला ती भोक पाडत नाही, चीर देते. कडेला कुसळं राहिली की चित्र मऊ पडलंच. त्यापेक्षा सरबताच्या कॅनचा पत्रा कापा, जेमतेम ०.१ मिमी जाड असतो. टोकाने नुसता दाब द्या, मागे जो फोड येईल तो बारीक पॉलिश पेपरने घासा, परत दाब, परत घासा. घाई केली की मेलात.

वैद्यबुवा
मी याच सुईने चार वर्षं फोटो काढतोय. कुसळं मला तरी दिसली नाहीत.

पत्रावळ
भिंगातून पाहिलंत का कधी?

त्रिज्या
सुयांचं नंतर भांडा. @घाईत_आहे, उन्हात शटर किती? दुसऱ्यांदा विचारतेय.

घाईत_आहे
आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/१५ सेकंद. भर दुपारी बरोबर येतो. कॅमेरा निकॉन डी५६००.

त्रिज्या
आता बोलता येईल. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ वर १/१०० लागतो, हा जुना हिशेब. तुमचा १/१५ बरोबर येत असेल तर तुमचं भोक एफ ४० च्या आसपास भरतं (एफ म्हणजे भोकापासून सेन्सरपर्यंतचं अंतर भागिले भोकाचा व्यास). तुमच्या कॅमेऱ्यात माउंटपासून (कॅप बसते ती कडा) सेन्सर ४६.५ मिमी. भागून बघा, भोक १ मिमीच्या वरच आहे. बारीक कसलं, ते भोक आहे तुमच्या पाण्याच्या टाकीचं.

हवं ०.३ मिमीचं. (अंतर गुणिले प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिमी, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९.) याहून लहान केलंत तरी धूसरच, कारण मग प्रकाश कडेवरून पसरतो. ०.३ ला एफ १५५ होतो, म्हणजे उन्हात सुमारे एक सेकंद. तिपाई लागेल. आणि व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर मागून प्रकाश शिरतो.

घाईत_आहे
पण मी तर टाचणीने पाडलंय!

पत्रावळ
टाचणीने? पत्र्यात?

घाईत_आहे
नाही, थेट कॅपच्या प्लास्टिकमध्ये. टाचणी गॅसवर तापवून. मध्य बरोबर यावा म्हणून कॅप कॅमेऱ्यावर लावूनच पाडलं.

निवांत_कोपरा
अरे देवा.

पत्रावळ
मी पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

त्रिज्या
मिळाले तुमचे काळे ठिपके. वितळलेल्या प्लास्टिकचा चुरा आत पडलाय. लेन्स एफ ५.६ ला असताना सेन्सरवरची धूळ सहसा दिसत नाही. पिनहोलमध्ये प्रकाश एकाच बिंदूतून येतो, म्हणून कणाकणाची सावली रेखीव पडते. शिवाय कॅपची जाडी दोनेक मिमी, ते भोक नाही, बोगदा आहे. कोपरे काळवंडतायत का?

घाईत_आहे
हो. मला वाटलं कलात्मक आहे.

वैद्यबुवा
तोंडाने फुंकू नका! मी फुंकलं होतं. थुंकीचा डाग पडला आणि सर्व्हिसवाल्याने पंधराशे घेतले.

त्रिज्या
बुवा बरोबर सांगतायत. बॅटरी पूर्ण चार्ज करा, सेटअप मेनूतून साफसफाईसाठी आरसा वर लॉक करा, कॅमेरा तोंड खाली धरून रबरी ब्लोअर मारा. आधी मिररबॉक्सला (आरशाची पोकळी), मग सेन्सरला. डबाबंद हवेचा फवारा नको, आतला द्रव उडतो. चिकटलेला कण हलला नाही तर हात लावू नका, दुकानात द्या.

हंपीप्रेमी
अवांतर: हंपीला विरूपाक्ष मंदिरात मागच्या भिंतीवर राजगोपुराची उलटी सावली पडते, तेही पिनहोलच. आणि २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आमच्या अंगणात आंब्याखाली शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, पानांच्या फटींमुळे. कॅमेऱ्याची गरजच काय?

निगेटिव्ह_माणूस
आकडे निघालेच आहेत तर माझाही घ्या. तुमच्या कॅमेऱ्याचा डीएक्स सेन्सर २३.५ मिमी रुंद, भोक ०.३. म्हणजे आडवे जेमतेम ७८ वेगळे ओळखू येणारे ठिपके, २४ मेगापिक्सेल असले तरी. चार बाय पाच इंची फिल्मवर १०० मिमी अंतराला ०.४५ चं भोक चालतं, तिथे २८० च्या वर जातात. उगाच नाही म्हणत डबा घ्या.

त्रिज्या
हे मात्र खरं आहे, कितीही चिडचिड झाली तरी. @घाईत_आहे, कॅपला मध्ये मोठं भोक पाडा (कॅप काढून, धुऊन, वाळवून) आणि त्यावर कॅनचा पत्रा काळ्या टेपने चिकटवा. मग पत्रा २४०० डीपीआयवर स्कॅन करा. भोक २८ पिक्सेलच्या आसपास भरलं तर जमलं. पण लेन्ससारखी धार मागू नका, ती येणार नाही.

जोशी_वहिनी
म्हणूनच म्हटलं, पन्नास मिमी.

घाईत_आहे
(रविवार, रात्री)
चार कॅन वाया गेले, पाचवा ३१ पिक्सेल भरला. ब्लोअरने सगळे ठिपके गेले, एक सोडून. तो उजव्या कोपऱ्यात आहे, घार समजून सोडून दिला. अजिंक्यतारा, आयएसओ १००, पाऊण सेकंद. धूसर आहे, पण आता दगड दगडासारखे दिसतायत. खाली रस्त्यावरून गेलेली एसटी आलीच नाही फोटोत, नुसता तांबडा पट्टा.

वैद्यबुवा
छान! शेवटी सुई कोणती?

घाईत_आहे
आईची, मणी ओवायची. तिला अजून सांगितलेलं नाही.