मदत हवी आहे: तापाच्या रुग्णांत विडाल आणि ब्लड कल्चरचा अभ्यास, तालुक्याच्या ठिकाणी कसा उभारावा?

माणगंगा
नमस्कार. मी एमबीबीएस आहे. आटपाडीच्या बाजूला माझा दवाखाना आहे. इथे सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र जाणणारी मंडळी आहेत म्हणून विचारते.

पाऊस ओसरला की आमच्याकडे तापाचे रुग्ण वाढतात. त्यातले बरेच जण माझ्यापर्यंत येतात तेव्हा हातात लॅबचा कागद असतो. "मॅडम, टायफॉइड निघालाय." कागदावर विडाल (टायफॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी), टायफी ओ १:१६०, आणि शेजारी 'पॉझिटिव्ह'चा शिक्का. तोवर दोन अँटिबायोटिक एकत्र असलेल्या गोळ्यांची पाकिटं अर्धी संपलेली असतात. काहींना सकाळ-संध्याकाळ सलाईनमधून सेफ्ट्रिअॅक्सोनही मिळालेलं असतं. कुणाचंही ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघण्याची तपासणी, केलेली नसते. ताप उतरला की 'टायफॉइड बरा झाला', आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा 'टायफॉइड निघतो'. एकाच घरात चौघांना दरवर्षी टायफॉइड झाल्याचं मी ऐकते आणि मला ते पटत नाही.

एकदाच केलेल्या विडालवरून निदान करू नये, सात ते दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन टायटर (म्हणजे तो १:१६० सारखा आकडा) चौपट वाढलं का ते पाहावं, हे आपण सगळेच शिकलो. पण 'पुस्तकात असं आहे' एवढ्यावर आमच्या भागातले डॉक्टर सवय बदलणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांना इथल्या रुग्णांचे, इथल्या रक्ताचे आकडे दाखवायला हवेत. म्हणून वर्षभराचा छोटा अभ्यास करायचा विचार आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप असलेल्या प्रत्येकाचं विडाल आणि ब्लड कल्चर एकाच वेळी करायचं, विडाल किती वेळा खरं बोलते ते बघायचं, आणि जे जंतू वाढतील ते कोणत्या औषधांना दाद देत नाहीत ते नोंदवायचं. तीनशे रुग्ण मिळतील असा अंदाज आहे.

अडचण अशी की कल्चरची सोय सर्वात जवळ सांगली-मिरजेला. बाटल्या तिथवर कशा पाठवू? एथिक्स कमिटीची परवानगी खाजगी डॉक्टरला कोण देणार? आणि मुळात तीनशे पुरतात का? जे माहीत असेल ते मोकळेपणाने सांगा. हे काम मला नीट करायचं आहे.

स्टेथो
हेतू चांगला आहे, पण व्यवहार बघा. मी पंचवीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. रुग्ण मजुरी बुडवून येतो. विडालचा कागद त्याला तासाभरात मिळतो, कल्चरचा दोन-तीन दिवसांनी, आणि खर्च कितीतरी जास्त. तुम्ही 'थांबा' म्हणालात तर तो समोरच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेईल. तुमच्याकडे मग नोंद राहील फक्त निघून गेलेल्यांची.

पेट्रीडिश
स्टेथो सर, थांबायचं कुणीच म्हणत नाही. कल्चर म्हणजे उपचार रोखून धरणं हा समज आधी काढायला हवा. पहिला डोस देण्याआधी रक्त घ्यायचं, लगेच औषध सुरू करायचं, रिपोर्ट आला की औषध बदलायचं किंवा बंद करायचं. ऑटोमेटेड मशिनवर टायफॉइडचा जंतू असला तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बाटली इशारा देते. 'काही वाढलं नाही' हा शेवटचा शेरा मात्र पाच दिवसांनीच.

माणगंगा, आता तुमच्याकडे येते. मी मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीत आहे. सर्वात महत्त्वाची गोष्ट रक्ताचं प्रमाण. टायफॉइडमध्ये रक्तातले जंतू फार विरळ असतात, एका मिलिलिटरमागे साधारण एखादाच, कित्येकांत त्याहूनही कमी. दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतलंत तर जंतू सुईत येणारच नाही. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, आणि शक्य तर दोन हातांतून दोन बाटल्या. मुलांत वजनानुसार कमी, त्यासाठी बाटल्याही वेगळ्या मिळतात. एवढं करूनही कल्चर साधारण ६० टक्के खऱ्या टायफॉइडमध्येच पॉझिटिव्ह येतं, आणि आधी अँटिबायोटिक झालं असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे ज्याच्याशी तुम्ही विडाल ताडून बघणार ती मोजपट्टीच अपुरी आहे. 'कल्चर निगेटिव्ह म्हणजे टायफॉइड नाही' असं लिहून मोकळं होऊ नका.

दुसरं, अँटिबायोटिक संवेदनशीलतेचा रिपोर्ट वाचताना सिप्रोफ्लॉक्सासिनची ओळ तपासा. टायफॉइडच्या जंतूसाठी या औषधाचे निकष २०१२ साली कडक झाले. आता औषधाच्या डिस्कभोवतीचं, जंतू न वाढलेलं वर्तुळ ३१ मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच 'संवेदनशील'. जुन्या तक्त्यावर चालणारी लॅब २१ ला होकार देते, आणि रुग्णाला ते औषध लागू पडत नाही. भारतातले बहुतांश टायफी जंतू आज सिप्रोला पुरेशी दाद देत नाहीत. जेंटामायसिन, अमिकासिन किंवा सेफ्युरॉक्झिम यांच्यापुढे 'संवेदनशील' लिहून आलं तर तेही मनावर घेऊ नका. प्रयोगशाळेत ती चालतात, साल्मोनेलाच्या (टायफॉइडचा जंतू याच गटातला) रुग्णात चालत नाहीत, म्हणून रिपोर्टवर ती यायलाच नकोत.

आनंदाची गोष्ट एकच. क्लोरअँफेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमॉक्झाझोल या जुन्या औषधांना नव्वदच्या दशकात आपल्याकडचे जंतू दाद देईनासे झाले होते. ती वापरातून गेली आणि आता बहुतेक जंतूंवर पुन्हा चालतात. उलट पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात २०१६ च्या अखेरीस सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. तिथे तोंडावाटे देण्याजोगं खात्रीचं औषध अझिथ्रोमायसिनच उरलं. आपण साध्या व्हायरल तापाला सेफ्ट्रिअॅक्सोन देतो तेव्हा मला प्रत्येक वेळी ते शहर आठवतं.

लॅबवाला_दादा
मी तालुक्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे विडाल होते ती स्लाइडवर. सीरमचा थेंब, अँटिजेनचा थेंब, स्लाइड हलवायची आणि एका मिनिटात वाचायची. मिनिट उलटलं, थेंब कडेने वाळायला लागला, की दाणे दिसायला लागतात आणि निगेटिव्हची पॉझिटिव्ह होते. गर्दीच्या दिवशी दहा-बारा नमुने ओळीने मांडलेले असतात, तिथे मिनिट कुणी पाळायचं? ट्यूब पद्धत जास्त भरवशाची, पण तिला रात्रभर ठेवावं लागतं आणि रुग्णाला कागद तासाभरात हवा असतो. अभ्यासात कोणती पद्धत, कोणत्या कंपनीचं किट, वाचणारा एकच की दोघं, हे सगळं आधी ठरवून लिहून ठेवा. आणि विडाल वाचणाऱ्याला कल्चरचा निकाल कळू देऊ नका.

बाटल्यांचं म्हणाल तर आमच्याकडून नमुने एसटी पार्सलने जातात. ब्लड कल्चरची बाटली थंड करायची नाही, हे पाठवणाऱ्या पोराला दहादा सांगा. इतर नमुन्यांच्या सवयीने तो आइस पॅक टाकतो. खोलीच्या तापमानाला, उन्हापासून जपून, त्याच दिवशी पोचली पाहिजे. म्हणून रक्त सकाळीच घ्या, दुपारच्या गाडीला देता येतं. बाटलीचं रबराचं झाकण स्पिरिटने पुसा, कातडी क्लोरहेक्झिडीनने पुसून अर्धा मिनिट वाळू द्या, आणि पुसल्यावर शीर बोटाने पुन्हा चाचपू नका. रक्त आधी कल्चरच्या बाटलीत, नंतर सीबीसीच्या ट्यूबमध्ये. कातडीवरचेच जंतू वाढून येण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. ते जास्त झालं तर डॉक्टरांचा कल्चरवरचा विश्वास उडतो आणि तो परत बसत नाही.

अंकगणित
मी जैवसंख्याशास्त्रात काम करतो. माणगंगा, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण तीनशे रुग्णांत त्याचं उत्तर मिळणार नाही. सविस्तर सांगतो, कारण इथेच बरेच अभ्यास फसतात.

२०१७ ते २०२० मध्ये देशात 'सेफी' नावाची मोठी पाहणी झाली. तिच्यात मुलांचा पाठपुरावा करून ब्लड कल्चरने सिद्ध झालेला टायफॉइड मोजला. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर इथल्या शहरी वस्त्यांत वर्षाला दर लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ इतकं प्रमाण निघालं. पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या ग्रामीण केंद्रात ते होतं फक्त ३५. आटपाडी म्हणजे वढू नव्हे, हे मान्य. तरीही ग्रामीण महाराष्ट्रात खरा टायफॉइड आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असावा, असं धरूनच आखणी करा.

आता हिशेब बघा. समजा तापाच्या १००० रुग्णांत खरा टायफॉइड २० जणांना आहे. विडाल ७० टक्के खरे रुग्ण पकडते आणि टायफॉइड नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते, असं धरू. मग २० पैकी १४ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९८० पैकी १९६ सुद्धा पॉझिटिव्ह येतील. एकूण २१० कागदांवर शिक्का, त्यात खरे १४, म्हणजे पंधरातला एक. चाचणी तीच, लॅब तीच, फक्त आजार विरळ असल्यामुळे असं होतं. हा एक हिशेब तुमच्या भागातल्या डॉक्टरांना फळ्यावर मांडून दाखवा.

पण याच कारणाने तुमच्या तीनशेंत खरा टायफॉइड असेल सहाएक जणांना, आणि त्यातले कल्चर पॉझिटिव्ह निघतील तीन-चार. तीन-चारांवरून विडालची संवेदनशीलता, म्हणजे ती किती खरे रुग्ण पकडते, हे काढणं व्यर्थ आहे. म्हणून प्रश्न बदला. तुमच्या भागातल्या निरोगी माणसांचं विडाल टायटर किती असतं? रक्तदान शिबिरात आलेल्या, महिनाभरात ताप न आलेल्या दोनशे जणांचं सीरम तपासा. त्यात बऱ्याच जणांचं १:८० किंवा १:१६० निघालं, तर तापात तोच आकडा दिसून काय सिद्ध होतं? हे वर्षाच्या आत, परवडणाऱ्या खर्चात होईल. तापाच्या रुग्णांचं कल्चर सोबत चालू ठेवा, पण त्यातून फक्त किती जणांत काय वाढलं, आधी कोणती औषधं झाली होती, एवढंच सांगा.

आणि एक. तुमच्या भागातली गलाईवाली मंडळी सोन्या-चांदीच्या कामाला देशभर असतात ना? दिल्ली-कोलकात्याहून गावी आलेला तापाचा तरुण आणि कधी तालुका न सोडलेली आजी यांची शक्यता एकसारखी धरू नका. गेल्या महिन्यात कुठे होता, हा रकाना फॉर्मवर पहिलाच असू द्या.

गोंदण
मी डॉक्टर नाही, चंद्रपूरकडची आहे. माझ्या सासूबाईंना मागे असाच ताप होता. विडाल पॉझिटिव्ह म्हणून आठवडाभर इंजेक्शनं चालली, ताप हटेना, श्वास लागायला लागला. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अंगावरचं लुगडं सैल करून सगळं अंग तपासलं आणि काखेत काळी खपली सापडली. स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. डॉक्सीसायक्लीन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. ती खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून आम्हाला कुणाला कळलीच नव्हती. तुमच्या फॉर्ममध्ये 'काख, जांघ, छातीखाली बघितलं का' हा प्रश्न घाला, एवढंच सांगायचं होतं.

पेट्रीडिश
गोंदण, फार मोलाचं लिहिलंत. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रबची मोठी साथ होऊन गेली, आणि सेफ्ट्रिअॅक्सोन त्या जंतूवर चालतच नाही. माणगंगा, मलेरियाची स्मीअर, तापाच्या पाच दिवसांच्या आत डेंग्यूची एनएस१ चाचणी, पुढे आयजीएम चाचणी, आणि जनावरांशी, चिखलपाण्याशी संबंध असेल तर लेप्टोस्पायरोसिसची तपासणी, हे सोबत हवंच. 'टायफॉइड नाही' एवढं सांगून रुग्णाचं समाधान होत नाही. मग काय आहे, ते सांगता आलं पाहिजे.

औषधरोधाबद्दल आणखी एक. कोणत्याही जंतूचा संवेदनशीलतेचा तक्ता काढायला किमान ३० नमुने लागतात. टायफीचे ३० तुम्हाला कैक वर्षांत मिळायचे नाहीत. पण लघवीच्या जंतुसंसर्गातले ई. कोलाय वर्षात सहज मिळतील. आयसीएमआर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचं औषधरोध मोजणारं जाळं २०१३ पासून चालू आहे, पण त्यातले आकडे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांचे. तिथे पोचणारा रुग्ण आधीच चार ठिकाणी औषध घेऊन आलेला असतो. तालुक्याच्या बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदाच जळजळ घेऊन आलेल्या बाईच्या लघवीतला जंतू नायट्रोफ्युरँटोइनला किती दाद देतो, हे आपल्याकडे फारसं कुणी मोजलेलं नाही. ते तुम्ही मोजू शकता, आणि त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवसापासून होईल.

परवानगीसाठी जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या मायक्रोबायोलॉजी किंवा पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) कुणाला सहसंशोधक म्हणून घ्या आणि त्यांच्या नोंदणीकृत एथिक्स कमिटीकडे अर्ज करा. संमतीपत्र मराठीतच हवं. सात वर्षांवरच्या मुलांची स्वतःची संमतीही लागते; पालकांची संमती हवीच, ही त्याखेरीज वेगळी.

स्टेथो
अंकगणित यांचा पंधरात एक हा हिशेब डोक्यातून जात नाही. माझ्याकडचे गेल्या मोसमातले विडालचे कागद काढून बसतो. एक शंका आहे: खरा टायफॉइड असलेल्यात योग्य औषध सुरू करूनही ताप लगेच उतरत नाही, तेव्हा नातेवाईक तिसऱ्या दिवशी औषध बदला म्हणून मागे लागतात. किती थांबावं?

पेट्रीडिश
सेफ्ट्रिअॅक्सोनवर चार ते सहा दिवस ताप राहू शकतो. रुग्ण जेवतोय, पोट मऊ आहे, शुद्धीवर आहे, तर बदलू नका. पोट फुगलं, अचानक दुखू लागलं, शौचातून रक्त आलं, तर लगेच वर पाठवा.

माणगंगा
सर्वांचे मनापासून आभार. आराखडा बदलते आहे. पहिला भाग रक्तदात्यांचं टायटर, ट्यूब पद्धतीने, मोसम सुरू होण्याआधी. दुसरा भाग लघवीचे नमुने, फक्त ज्यांनी महिनाभरात अँटिबायोटिक घेतलेलं नाही त्यांचे. तापाच्या रुग्णांची कल्चर चालू ठेवीन, आणि फॉर्मवर प्रवास आणि खपली हे दोन्ही रकाने घातले आहेत.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. लॅबवाला_दादा, ट्यूब विडाल नेमकी कशी वाचायची हे आमच्या मुलीला दाखवायला एक दिवस येऊ शकाल का? गाडीभाडं आणि जेवण माझ्याकडे. आणि सांगली, मिरज किंवा कोल्हापूरच्या मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीत असलेलं कुणी हे वाचत असेल तर सहसंशोधक म्हणून यायची तयारी आहे का, ते कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. अर्जाचा कच्चा मसुदा तयार आहे, लगेच पाठवते.