मदत हवी आहे: सोसायटीच्या आवारात परक्यांनी गाड्या लावू नयेत म्हणून काय करावे?

नमस्कार.

पुण्यात कोथरूडला, पौड रस्त्यालगत, आमची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. दोन इमारती, ३२ सदनिका आणि रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर ६ दुकाने. इमारती १९८८ सालच्या आहेत. तेव्हा बहुतेक घरांत एखादी स्कूटर असे, त्यामुळे स्टिल्टखाली (इमारतीखाली खांबांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेत) आणि बाजूच्या मोकळ्या जागेत मिळून २३ मोटारी मावतात. आज सभासदांच्याच मोटारी ३१ आहेत. जागांचे वाटप दर वर्षी चिठ्ठ्या टाकून होते आणि ज्यांना जागा मिळत नाही ते सभासद कुरकूर न करता रस्त्यावर जागा शोधतात. अशा परिस्थितीत ज्यांचा संस्थेशी काहीही संबंध नाही अशांच्या रोज पाच-सहा मोटारी आणि पंधरा-वीस दुचाक्या आवारात उभ्या असतात. मी गेली दोन वर्षे संस्थेची सचिव आहे. बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या, काही थोड्या उपयोगी पडल्या, बऱ्याच पडल्या नाहीत. आता ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खर्चाचा ठराव मांडायचा आहे. त्याआधी ज्यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष हाताळला आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

गाड्या कोण लावतात हे आम्ही महिनाभर वहीत नोंदवून पाहिले. सर्वांत मोठा वाटा सकाळी नऊच्या सुमारास गाडी लावून मेट्रोने जाणाऱ्या आणि संध्याकाळी सातला परत येणाऱ्यांचा आहे. मेट्रोचा वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला तेव्हा फारसा फरक पडला नव्हता, परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये मार्गिका पुढे गेली आणि मार्च २०२४ पासून थेट रामवाडीपर्यंत जाता येऊ लागले, तेव्हापासून ही संख्या वाढत गेली. मेट्रोचा आम्हां रहिवाशांनाही मोठा उपयोग होतो, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा गट दुकानांच्या ग्राहकांचा, आणि तिसरा समोरच्या शिकवणीच्या वर्गाला मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांचा. शिवाय रस्त्यावर सम-विषम तारखांचे पार्किंग असल्यामुळे ज्या दिवशी आमच्या बाजूला गाड्या लावता येत नाहीत त्या दिवशी त्यांतल्या काही गाड्या सरळ आत येतात. घरपोच सामान देणाऱ्या मुलांच्या दुचाक्या मी यात धरलेल्या नाहीत. ती आमचेच काम करत असतात.

हा प्रश्न निव्वळ गैरसोयीचा असता तर मी एवढे लिहिले नसते. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी जावे लागते. दुपारी परत येतात तेव्हा त्यांना चार पावले टाकणेही जड जाते, म्हणून सर्वांच्या संमतीने जिन्याजवळची जागा त्यांना कायमची दिली आहे. गेल्या जून महिन्यात त्या जागेत एक अनोळखी मोटार उभी होती. मुलाने मधल्या रस्त्यात गाडी उभी केली तर मागून हॉर्न वाजू लागले, म्हणून त्याने गाडी बाहेर नेऊन दोन गल्ल्या पलीकडे लावली, आणि व्हीलचेअर आणेपर्यंत काका पाऊण तास गाडीतच बसून राहिले. ज्या गृहस्थांची ती मोटार होती ते तासाभराने आले आणि ‘दोन मिनिटांचेच काम होते’ एवढेच म्हणाले. मी तेव्हा खाली उभी होते. मला ते अजून विसरता येत नाही.

आतापर्यंत काय केले ते सांगते, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवले जाणार नाहीत. ‘फक्त सभासदांसाठी’ असा फलक लावला. त्याकडे कोणी पाहत नाही. सभासदांच्या गाड्यांच्या काचेवर क्रमांकाचे स्टिकर लावले, त्यामुळे परकी गाडी ओळखणे सोपे झाले, हा खरा फायदा. वायपरखाली नम्र भाषेतली चिठ्ठी ठेवू लागलो, आणि तिचा माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त उपयोग झाला. रोज मेट्रोने जाणारा एक तरुण दुसऱ्याच दिवशी येऊन भेटला, ही दुकानांची पार्किंगची जागा आहे असे आपल्याला वाटत होते असे म्हणाला आणि पुन्हा कधी आला नाही. साधारण तीनांपैकी एक जण असा समजून घेतो. उरलेले दोघे चिठ्ठी फेकून देतात. रिकाम्या जागांवर कुंड्या ठेवल्या, त्या सरकवून गाड्या लागल्या. फाटकाला साखळी लावली, पण ती दर वेळी उतरून काढायचा आणि पुन्हा लावायचा कंटाळा आमच्याच सभासदांनी केला आणि पंधरवड्यात साखळी खांबाला गुंडाळून ठेवली गेली. हे मान्य करायला हवे, कारण कोणताही उपाय सभासदांना रोज त्रासदायक ठरला तर तो टिकत नाही.

चाकांतली हवा सोडण्याची सूचनाही एका बैठकीत आली होती. ती आम्ही नाकारली आणि पुढेही नाकारू. दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान केल्याचा ठपका आपल्यावर येतो, आणि हवा नसलेली गाडी आपल्याच जागेत आणखी अडकून बसते.

चाकाला जॅमर लावून दंड घ्यावा असेही बऱ्याच जणांचे मत आहे. आमच्यातील एक सभासद निवृत्त वकील आहेत. त्यांचे म्हणणे असे की सर्वसाधारण सभेला सभासदांसाठी पार्किंगचे नियम आणि शुल्क ठरवता येते, मात्र त्रयस्थाला दंड करण्याचा अधिकार संस्थेला त्यातून मिळत नाही. गाडी अडकवून पैसे मागितले तर समोरचा माणूस उलट आमच्याविरुद्धच पोलिसांत जाऊ शकतो. जॅमर वापरणाऱ्या सोसायट्या आजूबाजूला आहेत, हे मला माहीत आहे. त्यांतील कोणावर अशी तक्रार झाली का, आणि झाली असल्यास पुढे काय झाले, हे जाणून घ्यायचे आहे.

वाहतूक पोलिसांकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की टोइंगची गाडी संस्थेच्या आवारात येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२२ आणि १२७ ही सार्वजनिक जागी अडथळा होईल अशा रीतीने सोडलेल्या वाहनांविषयी आहेत आणि आमचे आवार खासगी आहे. भारतीय न्याय संहितेत गुन्हेगारी अतिक्रमणाचे कलम ३२९ आहे, परंतु त्यात गुन्हा करण्याचा, धाक दाखवण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. गाडी लावून मेट्रोने ऑफिसला गेलेल्या माणसाचा असा हेतू सिद्ध करणे कठीण आहे. एकदा मात्र पोलीस ठाण्याचा चांगला उपयोग झाला. एक मोटार सलग अकरा दिवस हलली नाही. वाहनांची माहिती देणाऱ्या एम-परिवहन या सरकारी ॲपवर मालकाचे नाव अर्धवट दिसते आणि फोन क्रमांक मिळत नाही, म्हणून ‘बेवारस वाहन, सुरक्षेच्या दृष्टीने खातरजमा व्हावी’ असा लेखी अर्ज छायाचित्रासह दिला. त्याच दिवशी पोलिसांनी मालकाला फोन केला आणि संध्याकाळी गाडी गेली. ज्यांच्याकडे अशी गाडी पडून असेल त्यांनी हे जरूर करावे.

आता मुख्य अडचणीकडे येते. दुकानदार हे संस्थेचे सभासदच आहेत आणि देखभाल खर्च वेळेवर भरतात. फाटक कायम बंद ठेवले तर ग्राहक तुटतील ही त्यांची भीती खरी आहे. सहापैकी एक डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे येणाऱ्या रुग्णाला बाहेर थांबा असे म्हणणे मलाही पटत नाही. आम्ही असा विचार केला आहे की दुकानांसमोरच्या चार जागा ग्राहकांसाठी ठेवायच्या, आत येताना वॉचमनने वेळ लिहिलेला टोकन द्यायचा, दुकानदाराने त्यावर शिक्का मारायचा आणि अर्ध्या तासाची मर्यादा ठेवायची. शिक्का नसलेला माणूस ग्राहक नाही हे मग आपोआप कळेल. कागदावर हे चांगले दिसते, पण आमचे दिवसपाळीचे वॉचमन काका साठीच्या पुढचे आहेत. गाडी लावू नका म्हटल्यावर त्यांना लोक अरेतुरे करतात, एकाने तर त्यांच्या अंगावर गाडी घातल्यासारखे केले. त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर हे ओझे टाकायचे नाही, हे समितीने ठरवलेले आहे.

म्हणून दोन प्रस्तावांवर चर्चा चालू आहे. पहिला, स्टिल्टकडे जाणाऱ्या बाजूच्या फाटकाला बूम बॅरियर (वर-खाली होणारा आडवा दांडा) बसवायचा आणि सभासदांच्या गाड्यांवर तो आपोआप उघडेल असे टॅग लावायचे. आम्हांला मिळालेले दरपत्रक सुमारे दीड लाखाचे आहे, वार्षिक देखभाल वेगळी. दुसरा, प्रत्येक जागेवर कुलूप लावून आडवा-उभा करता येणारा लोखंडी अडसर बसवायचा. हे काम बऱ्याच कमी खर्चात होते, परंतु ज्येष्ठ सभासदांना दर वेळी वाकून कुलूप काढावे लागेल. यात एक तात्त्विक प्रश्नही निघाला आहे. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात स्टिल्ट आणि मोकळी पार्किंगची जागा बांधकाम व्यावसायिकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही असा निर्णय दिला, आणि आमच्याकडे ती संस्थेची सामाईक जागा मानून वाटप होते. मग आज एखाद्याने स्वखर्चाने अडसर बसवला आणि पुढच्या वर्षी चिठ्ठीत ती जागा दुसऱ्याकडे गेली तर वाद होणार. माझ्या मते अडसर बसवायचे झाल्यास ते संस्थेच्या खर्चाने आणि संस्थेच्या मालकीचेच असावेत.

अग्निशमनाचाही विचार करावा लागतो. २००६ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून जे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याच्या तपासणीत या जुलैला ‘मार्गात वाहने उभी’ असा शेरा मिळाला. उभा राहणारा कोणताही खांब बंबाच्या वाटेत येता कामा नये, आणि वीज गेल्यावर बॅरियर हाताने उचलता आला पाहिजे.

तेव्हा विचारायचे आहे ते असे. ज्यांच्या सोसायटीत तळमजल्यावर दुकाने आहेत आणि तरीही बॅरियर बसवला आहे, त्यांनी ग्राहकांची व्यवस्था कशी लावली? टोकन पद्धत कोणी वर्षभर टिकवली आहे का, आणि वॉचमनवर ताण येऊ नये म्हणून काय केले? दुचाक्या बॅरियरच्या कडेने निसटतात असे ऐकले आहे, त्याला काय उपाय? सकाळी आठ ते अकरा एवढ्याच वेळेसाठी दुसरा रखवालदार ठेवला तर मेट्रोला जाणाऱ्यांचे पार्किंग थांबेल असे आमच्या खजिनदारांना वाटते, कारण त्या वेळी जागा मिळाली नाही की माणूस पुन्हा येत नाही. हा प्रयोग कोणी केला आहे का? बॅरियरपेक्षा तो आधी करून पाहावा, असे माझेही मत होत चालले आहे.

भर, दुसऱ्या दिवशी: सर्व प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काहींनी विचारले म्हणून सांगते: बाजूच्या फाटकाची रुंदी साडेचार मीटर आहे, दुकानांसमोरच्या भागाला फाटक नाही, आणि कॅमेरे दोन आहेत, परंतु रात्री गाडीचा क्रमांक त्यांत वाचता येत नाही. सकाळच्या रखवालदाराची कल्पना दोन जणांनी स्वानुभवावरून उचलून धरली, म्हणून येत्या सोमवारपासून महिनाभर एक माणूस ठेवत आहोत आणि वहीतल्या नोंदी चालू ठेवत आहोत. काकांच्या जागेवर मात्र सभेची वाट न पाहता आजच अडसर बसवून घेतला. त्याची एक किल्ली त्यांच्या मुलाकडे आणि एक वॉचमन काकांकडे आहे. टोकनविषयी अजून कोणाचा अनुभव आलेला नाही. तो कोणाकडे असल्यास कृपया सविस्तर लिहावे.